‘दुधाचेच दात, पडतीलच’ – पण कधी?

«डॉक्टर, नमस्कार. आम्ही जालन्याला राहतो. माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. अडीच वर्षांची होईपर्यंत ती दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपायची. वरचे पुढचे दोन दात काळे पडून झिजलेत. खालच्या उजव्या बाजूच्या एका दाढेत गेल्या वर्षी सिमेंट भरलं होतं, ते चार महिन्यांत निघालं. आता त्या दाढेच्या आणि मागच्या दाढेच्या फटीत पोळी, शेंगदाणा, काहीही अडकतं आणि ती फक्त डावीकडून चावते. गेल्या महिन्यात दोनदा रात्री गाल धरून रडत उठली. डावीकडच्या शेवटच्या दाढेवरही काळा ठिपका दिसतो. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, उजवीकडच्या पुढच्या दाढेत कीड नसेपर्यंत गेलीय, नसेचा उपचार करून स्टीलची कॅप बसवावी लागेल. बाकी दोन दाढा भरून घ्या. सासूबाई म्हणतात, ‘दुधाचेच दात ते, पडतीलच. एवढ्याशा पोरीला कशाला त्रास?’ यांचंही म्हणणं तेच, पडणाऱ्या दातावर एवढा खर्च कशाला. खरं सांगायचं तर मलाच धीर होत नाही. पहिल्या वेळी तिचे हातपाय धरून दात भरला होता. ते किंचाळणं अजून माझ्या कानात आहे. पांढरा कोट दिसला तरी ती माझ्यामागे लपते. दात भरायलाच हवेत का? सिमेंट निघालं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचं चुकलं का? आणि हे सगळं त्या बाटलीमुळे, म्हणजे माझ्यामुळे झालं का?»
– एक आई

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सगळ्यात आधी त्या रात्रीच्या रडण्याबद्दल बोलते, कारण बाकीच्या गोष्टींना थोडा वेळ देता येईल, त्याला देता येणार नाही.

गोड खाल्लं की दाढ ठणकते, काही अडकलं की दुखतं, काढलं की थांबतं, इथपर्यंत दाताची नस बहुतेक वेळा वाचवण्यासारखी असते. पण खाण्यापिण्याशी संबंध नसताना, गाढ झोपेतून उठवणारा ठणका म्हणजे नसेला सूज आली आहे किंवा ती मरायला लागली आहे. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून जे सांगितलं ते तुमच्या वर्णनाशी जुळतं. त्यामुळे उजवीकडच्या त्या दाढेसाठी याच आठवड्यात वेळ घ्या. तोवर दुखलं तर पॅरासिटॅमॉल द्या, मात्र डोस तिच्या वजनावर ठरतो, तो तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून विचारून घ्या. लवंगेचं तेल कापसावर घेऊन दाढेत धरू नका. लहान मुलाच्या हिरडीला आणि जिभेला ते भाजतं, आणि भाजलेलं तोंड घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देणंही नको. त्याने सूज दोन दिवस ओसरल्यासारखी वाटते, पण दाढेच्या आतलं कुजलेलं तिथेच असतं आणि दुखणं परत येतं. हिरडीवर पिवळसर फोड दिसला तर लगेच फोन करून दाखवा. गाल सुजला, ताप आला, सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली सरकली, गिळायला त्रास झाला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येते. ते वाक्य मी रोज ऐकते आणि ते मायेपोटीच येतं, हेही मला माहीत आहे. नातीला खुर्चीत झोपवून तिच्या तोंडात मशीन घातलेलं कुठल्या आजीला बघवेल? शिवाय वाक्य खोटं नाही. दुधाचे दात पडतातच. त्यांना एवढंच विचारा, की कधी?

बोटांवर मोजून बघा. दुधाचे दात एकूण २०. वरचे पुढचे दोन साधारण सातव्या वर्षी पडतात. त्यांच्या शेजारचे आठव्याच्या आसपास. पण दाढा? पुढची दुधाची दाढ ९ ते ११ या वयात पडते आणि मागची १० ते १२ या वयात. म्हणजे तुमची लेक आज साडेपाच वर्षांची, ज्या दाढेत शेंगदाणा अडकतो ती अजून चार-पाच वर्षं तिच्या तोंडात राहणार आहे आणि तिच्या मागची पाच-सहा. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, एवढ्या इयत्तांची भाकरी तिला याच दाढांनी चावायची आहे. मी ओपीडीत कुठल्याही मुलाचं तोंड उघडून बघते तेव्हा माझ्या मनात पहिला हिशोब हाच चालू होतो, हा दात अजून किती वर्षं कामाचा? भरायचा, कॅप लावायची, नुसतं औषध लावायचं की सोडून द्यायचा, हे बरंचसं त्या हिशोबावर ठरतं. तुमच्या मिस्टरांनाही खर्चाचा विचार याच पद्धतीने करायला सांगा. पडणाऱ्या दातावरचा खर्च आणि पाच वर्षं राहणाऱ्या दाढेवरचा खर्च यात फरक आहे.

आणखी एक. दुधाच्या दाढा चावण्याशिवाय दुसरं एक काम करत असतात, ते बाहेरून दिसत नाही. त्यांच्या खाली, हाडात, कायमच्या दाताचा कोंब वाढत असतो आणि दुधाची दाढ त्याची जागा धरून ठेवते. ती अवेळी काढावी लागली की मागची दाढ पुढे झुकते, जागा आखडते आणि खालचा दात वाकडा येतो किंवा अडकून बसतो. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. ती कुठल्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, म्हणून कित्येक घरांत ती दुधाचीच समजली जाते. ही दाढ वर येताना दुधाच्या शेवटच्या दाढेच्या पाठीला घासून, तिच्या आधाराने आपली जागा घेते. तो आधारच नसेल तर ती भलतीकडे सरकते. तुमच्या लेकीच्या बाबतीत हे अगदी तोंडावर आलं आहे. म्हणूनच दाढ काढून टाकू आणि मोकळे होऊ, हा सल्ला मी देणार नाही. ती वाचण्यासारखी नसेलच तर काढावी लागेल, पण मग रिकाम्या जागेत तारेचं स्पेस मेंटेनर बसवून ती जागा धरून ठेवायची. आणि मरून पू धरलेली दाढ तशीच ठेवणं सगळ्यात वाईट, कारण खालच्या कोंबाला त्या पुवाचा त्रास होऊन कायमचा दात डाग पडलेला किंवा खडबडीत उगवू शकतो.

कीड या शब्दानेही आपल्याकडे बराच गोंधळ होतो. दात किडला म्हटलं की माणसं किडा शोधायला लागतात. रिंगणीच्या बियांचा धूर तोंडात घेऊन पाण्याच्या ताटात पांढऱ्या अळ्या पडलेल्या दाखवणारे लोक अजून आहेत. एक आजी नातवाला आधी तिकडे नेऊन मग माझ्याकडे आल्या होत्या, आणि ‘किडे निघाले, तरी दुखतंय कसं?’ म्हणून खरंच काळजीत होत्या. ताटात जे दिसतं ते बियांमधून बाहेर पडलेलं असतं. दातात अळी कधीच नसते. असतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. आपण खाल्लेली साखर, बिस्किटातला मैदा ते खातात आणि आम्ल तयार करतात. तोंडातली आम्लता एका पातळीच्या पलीकडे गेली की दाताच्या कवचातलं कॅल्शियम विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू ती आम्लता धुऊन काढते, त्याला साधारण अर्धा तास, कधी जास्त लागतो. लाळ कॅल्शियम परतही देते. हा देण्याघेण्याचा व्यवहार दिवसभर चालू असतो. घेणं जास्त झालं की हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते. तिथपर्यंत कीड परत फिरवता येते. मग ती तपकिरी होते, मग खड्डा. दुधाच्या दाताचं कवच कायमच्या दातापेक्षा पातळ आणि आतली नस त्या मानाने मोठी, म्हणून मोठ्या माणसाच्या दातात जो प्रवास अनेक वर्षांत होतो तो मुलांच्या दातात काही महिन्यांत होतो. ‘गेल्या महिन्यात तर नुसता ठिपका होता’ असं आया म्हणतात ते खरं असतं.

आता सिमेंट का निघालं? पहिल्या डॉक्टरांचं काम मी पाहिलेलं नाही, त्यामुळे चुकलं की नाही हे सांगणं मला योग्य वाटत नाही. पण त्या दाढेची गोष्ट तुमच्या पत्रातून बरीच कळते. खड्डा दोन दाढांच्या मध्ये आहे. अशा खड्ड्याला एका बाजूला भिंतच नसते, चावताना सगळा दाब भरलेल्या सिमेंटच्या कडेवर येतो. मुलांच्या दातात जे पांढरट सिमेंट भरतात त्याला आम्ही जीआयसी म्हणतो. ते दाताला स्वतःहून चिकटतं, दाताचं कवच बळकट करणारं फ्लोराइड थोडं थोडं सोडत राहतं आणि थोड्या ओलाव्यातही चालतं. पण ते ठिसूळ असतं आणि दोन दाढांमधल्या मोठ्या खड्ड्यात टिकायला कमी पडतं. दुसरं कॉम्पोझिट, निळ्या प्रकाशाने कडक होणारं. ते मजबूत आणि दिसायला छान, पण भरताना दात अगदी कोरडा लागतो. रडणाऱ्या, जीभ हलवणाऱ्या, लाळेने तोंड भरलेल्या मुलाच्या दाढेत कॉम्पोझिट टिकवणं फार कठीण. हातपाय धरून भरलेल्या दाढेत कोरडेपणा कुठून आणणार? पूर्वी ज्याला लोक चांदी भरणं म्हणायचे ते पाऱ्याचं मिश्रण मुलांच्या दातात आता वापरू नये, असं पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य देशांनी २०२२ मध्ये ठरवलं आहे. भारतही त्या करारात आहे. कोणी सुचवलंच तर दुसरा पर्याय मागा.

म्हणून उजवीकडच्या पुढच्या दाढेसाठी स्टीलच्या कॅपचा सल्ला मला पटतो. नसेचा उपचार झाल्यावर दाढ आतून पोकळ आणि नाजूक होते, तिला चारही बाजूंनी झाकणारं काहीतरी लागतं. या कॅपा वेगवेगळ्या मापांत तयार मिळतात. डॉक्टर माप बघून, कडा दाबून बसवतात आणि दाढ पडायची वेळ आली की कॅपसकट पडते. चमकते म्हणून आयांना आवडत नाही, मुलांना मात्र फार आवडते. शाळेत दाखवायला नेतात. नसेच्या उपचाराची भीती वाटत असेल तर हेही सांगते, की नसेचा फक्त वरचा भाग खराब असेल तर तेवढाच काढून वर औषध ठेवतात. मुळांपर्यंत गेलं असेल तर पूर्ण रूट कॅनल. दुधाच्या दातात त्यासाठी जी पेस्ट भरतात ती मुळांबरोबर विरघळणारी असते, त्यामुळे खालच्या दाताच्या वाटेत ती आडवी येत नाही. ‘मग नवा दात कसा येईल?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, म्हणून लिहिलं.

तिच्या मागच्या दाढेत, म्हणजे फटीच्या दुसऱ्या बाजूला, कीड किती खोल आहे ते एक्स-रेवर दिसेल. ती नसेपासून लांब असेल तर फिलिंग पुरे. खड्डा मोठा असेल पण दुखत नसेल तर डॉक्टरांना हॉल पद्धतीबद्दल विचारून बघा. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्यांच्या नावाने ती ओळखली जाते. यात इंजेक्शन नाही, मशीन नाही, कीड कोरत बसणंही नाही. दाढेवर सरळ सिमेंट भरलेली कॅप दाबून बसवतात. आत अडकलेल्या जिवाणूंना साखर मिळत नाही आणि कीड तिथेच थांबते. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही सुरुवातीला वाटलं होतं, पण योग्य दाढ निवडली तर ती चांगली टिकते. रात्री दुखणाऱ्या दाढेला मात्र ही पद्धत चालत नाही.

डावीकडचा काळा ठिपका बहुधा सगळ्यात सोपं काम आहे. तो खरंच खड्डा आहे की नुसता डाग, हे आधी बघतील. खड्डा असेल तर मऊ झालेला भाग चमच्यासारख्या छोट्या हत्याराने खरवडून काढता येतो. कीड लागलेला दात आतून भिजलेल्या चामड्यासारखा होतो, तो पापुद्र्यांनी निघून येतो, आणि त्याला संवेदना फारशी नसते. म्हणून अशा उथळ खड्ड्याला बहुतेक वेळा ना सुई लागते ना मशीनचा आवाज. १९८० च्या दशकात टांझानियात, जिथे वीज नव्हती अशा खेड्यांत, ही पद्धत आकाराला आली. आज मी ती चांगल्या वातानुकूलित दवाखान्यात घाबरलेल्या मुलांसाठी वापरते.

आणि ते पुढचे दोन काळे दात? हिशोब करा, अजून दीड वर्ष. दुखत नसतील, हिरडीवर फोड नसेल, तर त्यांना कोरत बसायची गरज मला वाटत नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं एक औषध आहे, ब्रशच्या टोकाने थेंबभर लावायचं, मिनिटाचं काम. कीड तिथे थांबते आणि तो भाग कडक होतो. त्याने कीड लागलेली जागा काळी पडते ही त्याची अडचण, पण तुमच्या लेकीचे दात आधीच काळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. काही महिन्यांनी ते परत लावावं लागतं.

आता भीतीबद्दल. तिचं ते किंचाळणं तुमच्या कानात आहे असं तुम्ही लिहिलंत, तिथे मी वाचताना थांबले. मुलाला धरून दात भरण्याची वेळ खरोखरच्या तातडीत कधी येते, हे मी नाकारत नाही. पण साधं सिमेंट भरायला मूल धरलं तर सिमेंट निघून जातं आणि भीती राहते. ती भीती तिच्या तोंडातल्या खड्ड्याइतकीच खरी आहे आणि तिलाही उपचार लागतो. शक्य असेल तर या वेळी बालदंतरोगतज्ज्ञांकडे जा. दंतवैद्यकाच्या पदवीनंतर ते तीन वर्षं फक्त मुलांच्या दातांवर शिकतात, आणि त्यातला मोठा भाग मुलांशी वागायचं कसं हाच असतो.

पहिल्या दिवशी काय व्हावं, हे मला विचाराल तर सांगते. सकाळची वेळ घ्या, ती झोप झालेली आणि पोट भरलेली असताना. आधी फोन करून सांगा, की मागचा अनुभव वाईट आहे. चांगले डॉक्टर त्या दिवशी आरसा घेऊन नुसते दात मोजतील, मोठ्याने, तिलाही मोजायला लावतील. हवेचा फवारा आधी तिच्या बोटावर सोडून दाखवतील, मग नखावर, मग दातावर. आम्ही याला सांगा, दाखवा, मग करा, असं म्हणतो. त्याच दिवशी पुढच्या दातांना औषध लावून होईल आणि उजवीकडच्या दाढेतलं अडकलेलं साफ करून ठणका थांबवणारं तात्पुरतं औषध भरून होईल. मशीन दुसऱ्या वेळी. हात वर केला की डॉक्टर थांबतील असं ठरवून घ्या, आणि तिने हात वर केला तर खरंच थांबलं पाहिजे, हे डॉक्टरांनाही सांगा. घरून निघताना ‘अजिबात दुखणार नाही हं’ असं म्हणू नका, त्यातला ‘दुखणार’ एवढाच शब्द तिला ऐकू येतो. ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे वाक्य तर घरातून कायमचं हद्दपार करा. शेजारपाजारच्यांनाही सांगा. तिने विचारलं काय करणार, तर ‘दाढेत अडकलेलं काढून ती बंद करणार, मी शेजारीच आहे’ एवढं खरं सांगा.

साडेपाच हे वय चांगलं आहे, समजावलं की ऐकतं. दोन-तीन भेटींत बहुतेक मुलं वळतात. नाहीच वळली तर नाकावर मास्क लावून लाफिंग गॅस देतात, मूल जागं असतं पण सैलावतं. पूर्ण भूल ही शेवटची पायरी, ती रुग्णालयात आणि भूलतज्ज्ञ हजर असतानाच. तुमच्या वर्णनावरून तिची गरज पडेल असं मला वाटत नाही. एक्स-रेचीही काळजी नको, दाताच्या छोट्या डिजिटल एक्स-रेत जेवढे किरण लागतात ते साधारण एका दिवसात आपल्याला निसर्गातूनच मिळतात तेवढे किंवा त्याहून कमी. दाढ बधिर केली तर घरी आल्यावर दोन तास तिच्यावर लक्ष ठेवा. बधिर ओठ मुलं गंमत म्हणून चावत बसतात, आणि संध्याकाळी ओठ सुजून येतो. दाढेपेक्षा त्याचाच त्रास जास्त होतो.

पैशाचं म्हणाल तर जालन्याहून छत्रपती संभाजीनगर काही लांब नाही. तिथल्या शासकीय दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. खासगीपेक्षा खर्च खूपच कमी. वेळ जास्त लागतो, खेपा जास्त होतात, हे धरून चाला. शिकणारे डॉक्टर असतात, पण त्यांच्या डोक्यावर शिकवणारे उभे असतात, आणि खूप वेळा तेच मुलांशी जास्त धीराने वागतात. शाळेत किंवा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं का, तेही विचारा. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी असते आणि त्यात दातांचे आजारही येतात. पथक आलं की आपल्या मुलीचं तोंड त्यांनी उघडून बघितलं का, हे घरी आल्यावर तिला विचारत जा.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे, जो बहुधा तुम्हाला सगळ्यात आधी विचारायचा होता. हो, रात्रभर तोंडात राहिलेल्या बाटलीचा यात वाटा आहे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. कीड आधी तिथेच का दिसली, याचं उत्तर त्यात आहे. पण अडीच वर्षांच्या मुलीला रात्री झोपवण्यासाठी तुम्ही जे केलंत ते तुम्हाला कोणी सांगितलं होतं का, की असं करू नका? लसीकरणाच्या खेपांना बाळाचं वजन झालं, उंची झाली, तोंड उघडून कोणी पाहिलं? माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ आयांना हे पहिल्यांदा माझ्या खुर्चीशेजारी कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. यात दोष एकट्या आईच्या गळ्यात घालणं मला मान्य नाही. बाटली थांबून तीन वर्षं झाली. आज काय चालू आहे, ते बघू.

कारण फिलिंगने खड्डा बंद होतो, किडायचं थांबत नाही. ब्रिटनमध्ये ३ ते ७ वर्षांच्या १,१४४ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दुधाच्या दाढा किडलेल्या, पण अजून न दुखणाऱ्या मुलांचे तीन गट केले. एकात नेहमीसारखं कोरून भरलं, दुसऱ्यात कीड आतच बंद केली, तिसऱ्यात नुसती घासण्या-खाण्याची आणि फ्लोराइडची काळजी घेतली. पुढच्या तीन वर्षांत तिन्ही गटांत दहातल्या साधारण चार मुलांना दुखणं किंवा पू झाला. तुमच्या लेकीच्या दुखणाऱ्या दाढेला हा अभ्यास लागू नाही, तिला उपचार हवाच. पण बाकीच्या अठरा-एकोणीस दातांसाठी तो माझ्या डोळ्यांसमोर सतत असतो.

तर घरी एवढं करा. रात्रीचं घासणं तुम्ही किंवा तिच्या बाबांनी करायचं, अजून दोन वर्षं तरी. तिच्या हाताला अजून ते वळण नाही. तिला तुमच्याकडे पाठ करून उभी करा, डोकं तुमच्या पोटाला टेकवा, वरून बघत घासा. पेस्ट फ्लोराइडची, पाकिटावर १००० पीपीएम लिहिलेलं बघून घ्या. मुलांच्या रंगीत पेस्टमध्ये बऱ्याचदा त्याच्या निम्मंच असतं. मटारच्या दाण्याएवढी पुरे, आणि नंतर नुसतं थुंकायचं, गुळण्या करून फ्लोराइड धुऊन टाकायचं नाही. (चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या ज्या गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे तिथल्या वाचकांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.) राखुंडी नको, आणि घरात कोणी मिश्री लावत असेल तर तिच्या बोटाला ती कधीच लागू देऊ नका, मिश्री म्हणजे जाळलेला तंबाखूच. दाढांच्या फटीत रात्री एकदा दातांचा दोरा (फ्लॉस) फिरवा, कीड तिथूनच सुरू झाली होती.

खाण्यात गोडापेक्षा वेळा मोजा. सणाला जेवणासोबत खाल्लेल्या दोन पुरणपोळ्या दाताला जेवढा त्रास देत नाहीत तेवढा चार वाजल्यापासून सातपर्यंत कुरतडलेला बिस्किटाचा एक पुडा देतो. लाळेला मध्ये श्वास घ्यायला जागाच मिळत नाही. दुधात बुडवलेलं बिस्कीट दाढेच्या खाचेत लगद्यासारखं बसतं, आणि ते पौष्टिक समजून आपण रोज देतो. सकाळ-दुपार-रात्रीचं जेवण आणि मधे एक-दोनदा खाणं, त्याच्या अध्येमध्ये फक्त पाणी. खोकल्याची गोड सिरप रात्री द्यावी लागली तर त्यानंतर दात पुसून घ्या.

दर तीन ते सहा महिन्यांनी फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातांवरचा पातळ लेप, लावायला न्या. त्या खेपा दुखऱ्या नसतात, आणि पांढऱ्या कोटाची भीती जायला त्यांच्याइतकं चांगलं औषध नाही.

सासूबाईंना सोबत न्या. त्यांना बाहेर बाकावर बसवू नका, आत बोलवा, आणि डॉक्टरांना एक्स-रे त्यांच्यासमोर उजेडात धरायला सांगा. दुधाच्या दाढेच्या पोटाखाली, हाडात, पांढऱ्या टोपीसारखा दिसणारा कायमचा दात त्यात स्पष्ट दिसतो. मी कित्येक आज्यांना तो दाखवला आहे. त्या आधी काही बोलत नाहीत, मग बोट लावून विचारतात, ‘हा आत्तापासूनच आहे का तिथे?’ त्यानंतर खेपा चुकवू न देणाऱ्या बहुतेक त्याच असतात.

आणि येत्या काही महिन्यांत दर पंधरा दिवसांनी तिच्या शेवटच्या दाढांच्या मागे स्वच्छ बोट फिरवून बघत जा. हिरडी फुगीर लागली, मग एखादा टणक कोपरा लागला, की ती पहिली कायमची दाढ आली. तिच्यावरच्या खाचा खोल असतात आणि कीड तिथेच बसते. पूर्ण वर आली की त्या खाचा सीलंट नावाच्या पातळ लेपाने बंद करून घ्या, कोरावं लागत नाही, सुई लागत नाही. ती दाढ तिला म्हातारपणापर्यंत पुरवायची आहे.